खिशातला रोटर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या सकाळी सिंदेवाहीच्या जंगलात सागवानाचा ट्रक सुरू होत नव्हता, कारण तो मीच बंद पाडला होता. पंधरा दिवस ओळीनं ट्रक हाकून अंगात त्राण उरलं नव्हतं. ठेकेदार सुट्टी देईना, म्हणून मी इंजिनातला रोटर काढून खिशात टाकला. तो नसला की प्लगला ठिणगी येत नाही.

ठेकेदाराचा मिस्त्री नवाच होता. त्याचं नावही मी विचारलं नाही. कशालाही हात लावण्याआधी तो तळवे पायजम्याला पुसायचा. त्यानं पेट्रोल हुंगलं, हँडल मारलं, दुसऱ्या गिअरात टाकून मजुरांना ट्रक ढकलायला लावला. शेवटी रोटरवरचं झाकण उघडून बराच वेळ आत पाहिलं, आणि मग माझ्या खिशाकडे.

"किती दिस झाले झोपले नाई, भाऊ?" तो हळूच म्हणाला.

माझा हात खिशावर गेला.

तेवढ्यात ठेकेदार आला. "काऊन रे, झाली का नाई चालू?"

"रोटर माह्या हातून पडला, मालक. पाल्यात कुठी गेला, दिसून नाई राह्यला."

सगळे पाला चाळू लागले. मीही चाळला, रोटर खिशात ठेवून.

"एवढीशी वस्तू धरता येत नाई, अन् म्हने मिस्त्री! जाय घरी, उद्यापासून येऊ नको."

तो तळवे पुसत पायवाटेनं निघून गेला. मी ट्रकखाली संध्याकाळपर्यंत झोपलो.

"रोटर माझ्या खिशात आहे," हे एक वाक्य मी त्याला अजून देणं लागतो.