रुहीचा डावा कान
रुहीचा उजवा कानही गेला तर? तीन आठवडे हा एकच प्रश्न उल्काच्या डोक्यातून हलत नव्हता.

मुलगी स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात शिकवते म्हटलं की उल्का राहायची त्या अमेरिकेतल्या डब्लिनमधली मराठी मंडळी 'कॉम्प्युटर शिकवत असेल' असं धरून चालत. रुही शिकवायची घानामधल्या एवे लोकांचे ढोल आणि नाच. अठराव्या वर्षी तिने सहज म्हणून तो कोर्स घेतला, पुढे दोन वर्षं घानात राहून आली, आणि आता तिशीत आपल्याच गुरूंच्या, अग्बेको सरांच्या हाताखाली लेक्चरर होती. सर एकदा जेवायला आले, तर आमटी-भात हाताने असा मस्त कालवला की रुहीचे बाबा, देवदत्त म्हणाले, "हे तर माझ्यापेक्षा पक्के सोलापूरचे." तेव्हापासून सर उल्काला बहीण म्हणत.

या वादनात सगळे एका लोखंडी घंटेचा ठेका धरतात. मुख्य ढोल इशारा देतो आणि नाचणारे पाऊल बदलतात. तो ढोल रुहीकडे. एप्रिलच्या कार्यक्रमात घंटेने वेग घेतला आणि ढोल मागे राहिला. अर्धी मुलं वळली, अर्धी नाही. दोन मुली एकमेकींवर आदळल्या.

"पोरं कच्ची आहेत," देवदत्त म्हणाले.

उल्काने मात्र पाहिलं होतं. रुही मान वाकडी करून उजवा कान घंटेकडे नेत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या अपार्टमेंटमध्ये उल्काने डावीकडून तीनदा विचारलं, "चहा टाकू?" उत्तर नाही. मग समोर जाऊन उभी राहिली.

"डावा ऑलमोस्ट गेलाय, आई. दहा वर्षं त्या घंटेशेजारी उभी राहतेय ना."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"इअरप्लग्ज घाल, नाहीतर दुसराही जाईल. पण प्लग घातले की घंटेचा खालचा सूरच ऐकू येत नाही. सरांना सांगू नकोस हं. ही विल टेक मी ऑफ द ड्रम."

"मग घेऊ देत काढून."

"आई, प्रॉमिस कर."

उल्काने शब्द दिला.

आज रविवारी रुहीचा फोन आला. उद्यापासून समर वर्कशॉप, रोज सहा तास, सहा आठवडे.

"प्लग घालशील ना?"

"बघू."

लहानपणापासून रुहीचं 'बघू' म्हणजे नाही. उल्काने फोन ठेवला. सरांना सांगितलं तर ढोल जाईल, आणि पोरगी कदाचित वर्षभर बोलणार नाही. नाही बोलली तर नाही. तिला ऐकू तर येत राहील.

तिने अग्बेको सरांचा नंबर काढला आणि लावला.