धिरड्याच्या पिठातलं मीठ

कन्हेरीच्या छबूबाईचं धिरड्याचं पीठ बारामतीच्या एमआयडीसीत खोल्या करून राहिलेल्या पोरांत फार चालायचं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, नव्या कंपन्या उघडत होत्या. एकट्या पोरांना सकाळी पोटात काहीतरी गरम ढकलून मोटारसायकलला किक मारायची घाई. छबूबाई तांदूळ, ज्वारी, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ धुऊन वाळवायची, गिरणीतून दळून आणायची आणि त्यातच जिरं, हळद, तिखट, मीठ मिसळून पिशव्या बांधायची. पोरांनी नुसतं पाणी घालायचं आणि तव्यावर ओतायचं.

नवरा झुंबर मात्र हातानं बोलणारा. भाजी आळणी झाली, बैल सुटला, कसलंही निमित्त त्याला पुरायचं. गाव त्याला तापट म्हणे. तापट कसला डोंबलाचा! पोलीसपाटलासमोर तो कधी तापलेला कुणी पाहिला नव्हता.

त्या दिवशी छबूबाई पिशव्या पोचवायला गेली आणि सासूनं, तानूबाईनं, लेकासाठी त्याच पिठाची धिरडी घातली. म्हातारीचा सारा जन्म पीठ भिजवताना मीठ घालण्यात गेलेला. मीठ आधीच पडलेलं पीठ तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. हातानं सवयीनं चांगलं मूठभर मीठ टाकलं.

छबूबाई उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच ताट तिच्या कपाळावर बसलं. मग बैलाचं दावं. ओठ फाटला, एक दात हातात आला.

"असलं खारट पीठ इकून माझी अब्रू घालवती व्हय? उद्यापास्नं पीठ बंद."

तानूबाई चुलीपाशीच होती. मीठ कुणी घातलं हे तिला एव्हाना उमगलं होतं, तरी ती मूग गिळून बसली.

मार छबूबाईनं सोसला असता. पण उभ्या जन्मात तिचं स्वतःचं असं ते पीठच तेवढं होतं. तोंडातलं रक्त थुंकून ती उठली, नवी पिशवी फोडली.

"बगा, नुसतं पाणी घालते."

झुंबरनं दोन धिरडी चापली. मग आईकडं बघून खदखदून हसला. "आये, तू वरनं मीठ घातलंस व्हय गं? आन छबे, तू काय बगती? आजून एक टाक. पीठ बंद म्हंजी बंद."

मार मिठाचा नव्हताच, हे छबूबाईला तेव्हा लख्ख कळलं. तिनं तापलेलं उलथणं त्याच्या मनगटावर दाबून धरलं. तो गुरासारखा ओरडला आणि तिच्या गळ्यावर झेपावला. तिनं पदरानं धरून तवाच उचलला. एक घाव दंडावर, दुसरा कोपराखाली. हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. झुंबर भिंतीला टेकून खाली बसला आणि रडायला लागला.

"बास कर, छबे," तानूबाई म्हणाली. "मीठ म्या घातलं हुतं."

"ठावं हाय, आत्या. पर त्येचं काय न्हाय आता."

पीठ चालू राहिलं. हात प्लास्टरात घेऊन झुंबर घरी आला, त्या संध्याकाळी तिनं त्याच्यापुढं धिरडं वाढलं. डाव्या हातानं घास मोडून त्यानं तो तोंडात घातला आणि चावायच्या आधी तिच्या हाताकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या हाताकडं असंच बघत आली होती. छबूबाईला त्याची दया आली नाही. तिला बरं वाटलं.