डेन्झिल कर्स्लेकचा सोळावा आठवडा

सोमवारी संध्याकाळपर्यंत वेरॅमिन गावात पक्कं झालं होतं की डेन्झिल कर्स्लेकने अंपायरचा जबडा मोडला. मंगळवारी सकाळी पोस्टाच्या खिडकीशी तोच जबडा दोन ठिकाणी मोडला, आणि दुपारी बेकरीत पोचेपर्यंत अंपायर हेलिकॉप्टरने मेलबर्नला रवाना झाला होता. प्रत्यक्षात अंपायर त्या वेळी शेजारच्या कॅलपीन गावात सातवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होता आणि मधल्या सुट्टीत त्याच जबड्याने मटणाचा पॅटिस खात होता. खरं होतं ते एवढंच, की डेन्झिलला आता जन्मात कधी फुटबॉल खेळता येणार नव्हतं. आणि त्याने कुणाला बोटही लावलं नव्हतं.

गावाला तरी दोष कसा द्यावा? डेन्झिलच्या बाबतीत वाईट ऐकलं की ते बहुधा खरंच निघायचं, ही एवढ्या वर्षांची सवय.

एकोणीस वर्षांचा असताना तो मेलबर्नला गेला, मोठ्या क्लबात. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा, हातांनीही खेळायचा; त्यात तो मधल्या फळीतला गडी. म्हणजे शहाणी माणसं गोलाच्या काठ्यांजवळ उभी राहून नाव कमावतात, आणि हे बावळट मैदानाच्या मधोमध, जिथे चेंडू पडेल तिथे आधी डोकं घालतात. डेन्झिल ते डोकं फार सुंदर घालायचा. खाली वाकून, ढिगातून चेंडू उपसून, न बघता मागे हाताने ठोसून द्यायचा, आणि चेंडू बरोबर आपल्याच माणसाच्या छातीवर. असा तो एकशे एकाहत्तर सामने खेळला. पण बेकरीत विचारलंत तर त्यातला एकही कुणाला आठवणार नाही. आठवेल तो कोपर.

तो कोपर त्याने खरंच मारला होता. समोरच्या तरण्या खेळाडूचा जबडा मोडला. डेन्झिलला सहा आठवड्यांची बंदी मिळाली आणि त्या पोराला सहा आठवडे नळीने सूप प्यावं लागलं, म्हणजे फिटंफाट झाली असं डेन्झिलच्या बापाचं म्हणणं होतं. प्रेक्षकांचं तसं नव्हतं. तिथून पुढे डेन्झिलच्या हातात चेंडू आला की चाळीस हजार माणसं हुर्यो करायची. नंतर बंदीचे आणखी तीन आठवडे, मग दोन, मग परत दोन. त्यातले शेवटचे दोन त्याच्या सगळ्यांत चांगल्या वर्षी. त्या मोसमात अंपायरांनी सर्वांत जास्त मतं त्यालाच दिली होती, पण पदक सर्वोत्तम आणि सर्वांत सभ्य खेळाडूचं, आणि बंदी भोगलेला माणूस सभ्यात धरत नाहीत. पदक दुसऱ्याला गेलं. टीव्हीवर डेन्झिल टाळ्या वाजवताना दिसला, आणि इतक्या जोरात वाजवत होता की प्यायलाय असं लोक म्हणाले. त्या दिवशी तो प्यायला नव्हता. दुसऱ्या दिवशी होता, आणि सुपरमार्केटच्या ढकलगाडीत झोपलेला त्याचा फोटो पहिल्या पानावर आला.

मग रेडिओवर तो बोलून बसला की गेल्या मोसमात शेवटी शेवटी आमच्या क्लबाला जिंकायची फार घाई नव्हती, कारण तळाला राहणाऱ्याला पुढच्या वर्षी नव्या पोरांतली पहिली निवड मिळते. हे सगळ्या देशाला ठाऊक होतं, पण बोलायचं नसतं. क्लबाने माफीनामा टाइप करून हातात दिला. कॅमेऱ्यासमोर डेन्झिलने तो घडाघडा वाचला, आणि कुणीतरी कंसात लिहून ठेवलेलं "इथे क्षणभर थांबा" हेही वाचलं. मुद्दाम की चुकून, हे आजतागायत कळलेलं नाही. दोन वर्षांत क्लबाने त्याला मोकळं केलं. लग्न मेलबर्नमध्येच राहिलं, तो तेवढा परत आला.

एकतिसाव्या वर्षी त्याने वेरॅमिनची मरून-पांढरी जर्सी पुन्हा घातली. दिवसा कौन्सिलचा ग्रेडर चालवून मातीचे रस्ते सपाट करायचा, शनिवारी खेळायचा. त्याला गावाकडून एकच गोष्ट हवी होती. क्लबच्या हॉलमध्ये आजीव सभासदांचा लाकडी बोर्ड आहे, सोनेरी अक्षरांत, वीस-वीसच्या उभ्या रांगांत एकेचाळीस नावं. वेरॅमिनसाठी दीडशे सामने खेळलात की नाव चढतं. बाविसावं नाव क्लेम कर्स्लेक, म्हणजे त्याच्या बापाचं. बेचाळिसावं, बरोबर त्याच्या शेजारचं, आपलं, एवढंच. मेलबर्नने त्याचं नाव ज्या ज्या ठिकाणी छापलं तिथे शेजारी काहीतरी लाजिरवाणं होतं. इथे शेजारी बापाचं असणार होतं.

आल्या आल्या त्याने कमिटीला विचारलं, माझे मेलबर्नचे सामने धरता येतील का. कमिटीने मतदान घेतलं. मेलबर्नचे सामने मेलबर्नसाठी, त्यांचा वेरॅमिनशी काय संबंध, असं ठरलं. विरोधात वर गेलेल्या हातांत एक हात क्लेमचा होता. घरी जाताना गाडीत तो मुलाला म्हणाला, मी दोनशे त्रेसष्ट खेळलो, एकही उधार नाही.

म्हणून डेन्झिलने मोजायला सुरुवात केली. मेलबर्नला जाण्याआधीचे एकोणीस. मग आठ मोसम, गुडघ्याला पट्ट्या, खांद्यात इंजेक्शनं, सकाळी बूट घालताना भिंतीचा आधार. मधे दोन आठवड्यांची एक बंदी खाल्ली, एकाची कॉलर धरल्याबद्दल, आणि तीही न्याय्यच होती. एकोणचाळिसाव्या वर्षी तो एकशे अठ्ठेचाळिसाशी आला, आणि त्याच हिवाळ्यात क्लबाने जाहीर केलं की पुढच्या वर्षी वेरॅमिन आणि कॅलपीन एक होणार. नवं नाव, नवी जर्सी. वेरॅमिनमध्ये आता संघापुरती अठरा धडधाकट माणसं मिळत नव्हती. गेल्या मोसमात बेकरीवाला दोनदा खेळला होता, आणि तो धड वाकू शकत नाही. बोर्ड बंद होणार होता. क्लेमची फुप्फुसंही बंद होत आली होती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच मोसमात.

एकशे एकोणपन्नासावा सामना कॅलपीनशी. तिसऱ्या डावात कॅलपीनचा हॅमिश डूली, लोकर कातरणारा, चांगला बैलासारखा माणूस, चेंडूवर झेपावला आणि त्याच्याच गड्याचा गुडघा त्याच्या कपाळात बसला. डूली आडवा. वर उभा कोण? डेन्झिल, कोपर वर. तोल सावरायला वर गेलेला कोपर. अंपायरने वळून पाहिलं, कोपर पाहिला, मेलबर्नचा तो जुना कोपर आठवला, आणि वहीत लिहिलं.

आता या लीगमध्ये एक रीत आहे. तक्रार झाली की लवादापुढे उभं राहायला दीडशे किलोमीटर जावं लागतं, आणि तिथे हरलात तर पूर्ण शिक्षा. पण सोमवारी बारा वाजायच्या आत कबुली पाठवली तर शिक्षा निम्मी. म्हणून सगळे कबुली देतात. केलेलं असो नसो. वेरॅमिनच्या एकाही माणसाने गेल्या वीस वर्षांत लवादाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि या कबुल्या पाठवायचं काम ग्लेनिस हॅब्गुडचं. ग्लेनिस क्लबची सेक्रेटरी, चोवीस वर्षं. सूप तीच करणार, जर्स्या तीच धुणार, आणि खेळाडूंची कार्डं एका बिस्किटांच्या डब्यात तीच ठेवणार. सोमवारी सकाळी तिने डेन्झिलला फोन केला.

"मी त्याला हात लावला नाही, ग्लेनिस."

"मला सांगतोस? मी कुंपणाशी उभी होते. पण तू तोंड उघडलंस की ते मेलबर्नची फिल्म लावतील. दोन आठवडे देतील, मोसम संपला. कबूल कर, एक मिळेल. या शनिवारी बस, पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर खेळ. दीडशे पुरे. क्लेमसुद्धा बघेल."

डेन्झिल ग्रेडरवर होता, एका हाताने चाक धरून. हिशोब सरळ होता. तो म्हणाला, कर काय ते, दर वेळी तेच करतेस. ग्लेनिसने अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कबुली पाठवली, सूपच्या पातेल्यात बार्ली टाकली आणि बायकांना निरोप दिला की बॅनरचं काम सुरू करा. मोठ्या सामन्याला खेळाडू ज्याला फाडून मैदानात येतात तो कागदी बॅनर, तीन माणसं उंच, मरून कागदावर पांढरे आकडे: डेन्झ १५०.

मंगळवारी लीगचं पत्र आलं. ग्लेनिसने ते तीनदा वाचलं, मग डबा उघडून डेन्झिलचं कार्ड काढलं. कार्डावर बंदीचे दोन आठवडे होते, नवा धरून तीन. पत्रात सोळा होते. संपूर्ण कारकिर्दीत सोळा आठवडे झाले की नोंदणी रद्द, सगळ्या लीगांत, कायमची. हा नियम तिला तोंडपाठ होता. मेलबर्नचे तेरा त्यात येतात हे मात्र तिच्या मनालाही शिवलं नव्हतं. मेलबर्नचं वेरॅमिनमध्ये धरत नाहीत. स्वतः तिनेच त्या मतदानाचा वृत्तांत लिहिला होता.

ती गाडी काढून रस्त्यावर गेली जिथे तो काम करत होता. त्याने इंजिन बंद केलं आणि वरूनच ऐकून घेतलं. ओरडला नाही.

"मेलबर्नचे धरले?"

"धरले."

"आठवडे धरले. मग सामने?"

ग्लेनिसला रडू आलं, तेव्हा त्याने तिला सांगितलं की कबूल त्यानेही केलं होतं, आणि इंजिन चालू केलं. संध्याकाळपर्यंत त्याने तो रस्ता इतका सपाट केला की त्याच्यावरून दूधसुद्धा सांडून वाहिलं नसतं, आणि त्या रस्त्यावर एकच घर आहे, तेही रिकामं.

हॅमिश डूलीला कळलं तेव्हा तो कपाळावरचे टाके घेऊनच लीगच्या कचेरीत गेला. मला आमच्याच माणसाने पाडलं, लिहून देतो, म्हणाला. तिथल्या बाईने त्याला नीट समजावलं की कबुली आली, म्हणजे सुनावणी नाही; सुनावणी नाही, म्हणजे साक्षीदार नाही. वर्षभराने फेरविचाराचा अर्ज करता येतो. डूलीने विचारलं, वर्षभराने वेरॅमिन कुठे असेल? ते तिच्या खात्यात येत नव्हतं.

गुरुवारी कमिटी बसली. अध्यक्ष रॉस टकवेल, गव्हाचा मोठा शेतकरी, मनाने वाईट नाही, पण नियमाच्या पुस्तकाला बायबलसारखा दोन्ही हातांनी धरतो. ग्लेनिसने मांडलं की मेलबर्नच्या एकशे एकाहत्तरांतला एक, फक्त एक सामना धरू या. मग रॉस म्हणाला, एक धरला तर एकशे एकाहत्तर का नाही, आणि ते धरले तर आठ वर्षांपूर्वी आपण काय केलं? शिवाय आणखी दोघेजण दुसऱ्या क्लबांतले सामने घेऊन दारात उभे राहतील. क्लब बंद व्हायला दहा दिवस राहिले होते, दारात उभं राहायला कुणी उरलं नव्हतं, तरी माना डोलल्या. ग्लेनिसने वृत्तांत लिहिला, कारण लिहिणं तिचंच काम.

शेवटच्या शनिवारी मैदानाभोवती नेहमीसारख्या गाड्या लागल्या. क्लेमची गाडी नेहमीच्या जागी, काचा वर, हीटर चालू, शेजारी ऑक्सिजनची नळी. चालकाच्या जागेवर डेन्झिल, साध्या कोटात. बायकांनी बॅनरवरचे आकडे सोलून काढले होते, पण गोंद पक्का निघाला आणि कागद जागोजागी फाटून आला. पोरं धावत आली तेव्हा फाडायला फारसं उरलंच नव्हतं. पाऊण तासात कळलं की वेरॅमिन आपला शेवटचा सामना सत्तरच्या वर गुणांनी हरणार. गोल झाला, म्हणजे सहा गुण मिळाले, की गाड्यांनी हॉर्न वाजवायचे असतात. वेरॅमिनचे चारच झाले. चारही वेळा क्लेमने हात पुढे केला, आणि चौथ्या वेळी हात पोचला नाही म्हणून डेन्झिलने त्याचा हात धरून हॉर्नवर दाबला.

"तू असतास तर," क्लेम म्हणाला, आणि खोकला.

"मी असतो तरी हरलो असतो, बाबा."

"हरलो असतोच. पण नीट हरलो असतो." त्याने ऑक्सिजनची नळी सारखी केली. मग म्हणाला, "त्या मतदानाला माझा हात खाली असता तर?"

"तरी तेरा आठवडे तेराच राहिले असते."

क्लेमने काच पुसली.

सामना संपल्यावर रॉस टकवेल टोपी हातात घेऊन गाडीशी आला. डेन्झिलने काच खाली केली. कमिटीच्या मनात आलंय, रॉस म्हणाला, की बोर्डावर नाव नाही, तर निदान बोर्डाच्या खाली एक पितळी पट्टी लावावी, छोटीशी, डेन्झच्या सेवेबद्दल. त्याच्यावर काय लिहायचं यावर एकमत होईना. कुणी म्हणतं एकशे एकोणपन्नास सामने लिहा, कुणी म्हणतं आकडाच नको, वाईट दिसतो. तूच सांग, काय लिहू.

डेन्झिल म्हणाला, "ते सोळा आठवडे लिही, रॉस. माझ्या आयुष्यात तेवढीच एक गोष्ट लोकांनी न चुकता मोजली."