कासवाखाली काय घालायचं

कासवावर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही जरा सावरून बसला असाल. आता हा संयम शिकवणार, हळू चालण्याचे फायदे सांगणार, शेवटी कासवाच्या डोळ्यांत बघून याला आयुष्य कळणार. तसलं काही नाही. मी कासवाच्या डोळ्यांत बघितलेलं. तिथे फक्त भुसा होता.

आणि ज्यांना पोलिसांना फोन करायचाय त्यांनी जरा थांबा. हे आफ्रिकेकडच्या जातीचं कासव, रीतसर नोंदणीचे कागद असलेलं. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं इथलं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे, एवढं आम्हालाही कळतं.

कासव माझ्या आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, राहते ठाण्यात टेंभी नाक्याजवळ. तळमजल्यावरचं घर, मागे मातीचं अंगण, त्यात हे ताटलीएवढं कासव मालकासारखं हिंडायचं. मुलीच्या बाळंतपणासाठी आत्याला काही महिने बंगलोरला जायचं होतं. एवढ्या मोठ्या जगात कासव सांभाळायला तिने निवडलं कोणाला, तर डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाला.

देताना म्हणाली, "तुझ्यावर विश्वास आहे असं मी म्हणत नाही. दुसरं कोणी रिकामं नव्हतं. पण याला काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नकोस."

बाबा कंपनीत सुपरवायझर आहेत, हाताखाली माणसं आहेत. पण आत्या समोर आली की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जातात. "हो ताई" एवढंच बोलले.

जायच्या आधी आत्या कासवाला कल्याणच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे तपासायला घेऊन गेलेली. टोपली धरायला मी. आणि भाई, ते डॉक्टर म्हणजे माझ्यासाठी खजिना. मी नकला करतो, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, बऱ्याच जणांना नको तितकं. डॉक्टर नाकातून बोलतात, सुरुवात "असं बघा"ने, शेवट "काय समजलं?"वर, आणि मध्ये एवढा मोठा पॉज की तेवढ्यात माणूस चहा पिऊन येईल.

"असं बघा... हे तोंड खाली घालून चालणारं जनावर आहे. जे पोटात गेलं तरी चालेल... तेच पायाखाली घालायचं. काय समजलं?"

म्हणजे साधी माती, खत-औषध न मारलेली, त्यात कोकोपीट, नारळाच्या शेंड्यांचा भुगा असतो ना तो, आणि थोडी ओल. वाळू नको, पोटात साठते. धूळ उडेल असं तर काहीच नको. परत येताना अख्खा रस्ता मी हे आत्याला डॉक्टरांच्या आवाजात ऐकवत होतो. ती "पुरे रे, पुरे" म्हणत हसत होती. म्हणजे सल्ला मला तोंडपाठ होता, आवाजासकट.

घरी आल्यावर कासवाला लादीवर सोडलं. आमच्या लाद्या गुळगुळीत. त्याचे चारही पाय चार दिशांना गेले आणि ते जागच्या जागी पोहायला लागलं. मग बाबांनी जुन्या दिवाणाचं खोकं गॅलरीत ठेवलं आणि विचारलं, "यात खाली काय घालायचं?"

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले माती."

"तू गप."

हे असं का, तर महिनाभर आधी मी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आवाजात बाबांना खालून हाक मारलेली, की गाडी काढा, टँकर येतोय. ते बनियनवर धावत खाली गेलेले. त्या दिवसापासून मी खरं बोललो तरी बाबा आधी आजूबाजूला बघतात.

आईने जुनी गोधडी घातली. कासवाची नखं टाक्यांत अडकली आणि ते गोधडी ओढत दारापर्यंत आलं, नवरीचा शालू मागे सरपटतो तसं. आईला ते आवडलेलं, पण पाय अडकलेला बघून तिनेच काढून घेतली.

मग बाबांचं डोकं चाललं. त्यांच्या कंपनीत जमिनीवर तेल किंवा केमिकल सांडलं की वर टाकायला लाकडाचा भुसा ठेवतात, पोत्याने. साहेबांना विचारून एक पोतं घेऊन आले. "एकदम कोरा. मऊ. गादीच बघ." खोकं भरलं. कासवाला वर ठेवलं. दिसायला फुल हॉटेल.

दुसऱ्या दिवशी कासव शिंकलं. तुम्ही कासवाला शिंकताना ऐकलंय का? प्रेशर कुकर लाजत लाजत शिट्टी देतो ना, तसं. मी हसलो, मग मी तशीच शिंक काढली, आई हसली. संध्याकाळपर्यंत ते शिंकतच होतं आणि मग आमचं हसू गेलं. डोळे चिकटलेले, पापणीवर भुशाची पूड. जास्वंदीचं फूल तोंडापुढे धरलं तर मान आत. आत्याकडे फुलासाठी ते माझ्या अंगठ्यावर चढायचं.

"बाबा, भुसा काढा. डोळ्यांत जातोय त्याच्या."

"जागा बदलली म्हणून रुसलंय. ताईच्या सवयी आहेत त्याला." असं म्हणाले खरे, पण रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं तरी बाबा काही बोलले नाहीत. टेन्शन होतं. आत्याचा फोन आला तर "झोपलंय" म्हणून सांगितलं.

आता तुम्हीच सांगा. सल्ला खरा, डॉक्टर खरे, फक्त तोंड चुकीचं होतं. मग तोंड बदललं, आणखी काय?

मित्राचा फोन घेतला, गच्चीच्या जिन्यात गेलो, नाक थोडं दाबलं.

"हॅलो... असं बघा... मी कल्याणहून डॉक्टर बोलतोय. तुमच्या ताईंनी नंबर दिला."

बाबा म्हणे खुर्चीतून उभे राहिले. हे आईने नंतर सांगितलं. फोन स्पीकरवर होता आणि तिने मला दुसऱ्या शब्दाला ओळखलेलं. ती ओट्याकडे तोंड करून कोथिंबीर निवडत राहिली, निवडलेलीच.

"बोला साहेब, बोला."

"कासवाखाली... काय घातलंय?"

"भुसा साहेब. एकदम कोरा आहे हो."

"असं बघा... तुम्हाला नाकापर्यंत भुशात झोपवलं... आणि म्हटलं कोरा आहे... तर? काय समजलं?"

"समजलं साहेब."

मग मी माती, कोकोपीट, ओल, सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. काम झालेलं. तिथे फोन ठेवायला हवा होता. पण बाबा म्हणाले, "साहेब, फोनवर आहातच तर एक विचारू? उठताना माझा गुडघा वाजतो."

मित्र जिन्यात आडवा झाला.

"असं बघा... मी प्राण्यांचा डॉक्टर."

"हो, पण गुडघा तो गुडघाच ना साहेब."

समोरून एवढी दाद मिळाल्यावर कोण थांबेल? "सकाळी... मातीवर... अनवाणी चाला," मी म्हटलं. वर जोडून दिलं, "आणि तुमच्याकडे एक मुलगा आहे ना, हुशार? त्याचं ऐकत जा."

बाबांनी आवाज खाली आणला. "साहेब, तो थोडा वाया गेलेला आहे."

मला ठसका लागला. तोही मी डॉक्टरांच्याच आवाजात काढला.

पुढचं सगळं फास्ट. बाबांनी त्याच संध्याकाळी भुसा उपसला, ओल्या कापसाने कासवाचे डोळे स्वतः पुसले, रात्रीपुरतं खाली वर्तमानपत्र घातलं. सकाळी स्कूटर काढून टिटवाळ्याला, कंपनीतल्या एका माणसाच्या मोकळ्या प्लॉटवरून पोतंभर माती आणली. "खत मारलेलं नाही ना? औषध नाही ना?" असं त्या माणसाला इतकं विचारलं म्हणे, की त्याला वाटलं बाबा ती खाणार आहेत. ती चाळली कशाने, तर आईच्या पिठाच्या चाळणीने. कोकोपीटची वीट मी बादलीत भिजत घातली आणि विसरलो. ती फुगून बादलीबाहेर आली, मोरीत पसरली, आणि आई न बघता त्यात पाय देऊन "अगं बाई, काय मेलंय इथे?" म्हणाली.

माती आणि कोकोपीट कालवून खोकं चांगलं जाड भरलं. कासवाने वास घेतला. पुढच्या पायांनी दोनदा माती मागे फेकली, ती बाबांच्या चष्म्यावर. मग बघता बघता आत घुसलं, फक्त पाठीचा घुमट वर. बाबा खोक्यापाशी स्टूल टाकून बसले. "श्वास घेतंय ना रे?"

दोन दिवसांनी ते डोळे टक्क उघडून बाहेर आलं आणि आईच्या पूजेच्या तबकातली जास्वंद देठासकट खाल्ली. शिंक नाही, काही नाही. बाबा घरभर सांगत फिरले, घरात आम्ही दोघंच असून. सकाळी ते बागेत अनवाणी चालायलाही लागलेले.

इथपर्यंत सगळं मस्त चाललेलं. मग बाबा म्हणाले, "चल, कल्याणला जाऊ. डॉक्टरांना दाखवून येऊ. देवमाणूस आहे."

"माझा क्लास आहे."

"आज रविवार आहे."

डॉक्टरांनी कासव उलटसुलट बघितलं. "असं बघा... उत्तम आहे. नाक कोरडं, डोळे साफ."

बाबांनी मिठाईचा बॉक्स पुढे केला. "सगळी तुमच्या फोनची कृपा. आणि साहेब, गुडघा पण," असं म्हणून त्यांनी तिथेच एक उठाबशी काढून दाखवली.

डॉक्टरांचा पॉज या वेळी खरोखर मोठा होता. मी भिंतीवरचा कुत्र्यांच्या लसींचा तक्ता वाचायला घेतला.

"मी... काय म्हणालो फोनवर?"

आणि बाबांनी, देवाशपथ, नक्कल करून दाखवली. "तुम्ही म्हणालात, असं बघा... तुम्हाला भुशात झोपवलं..." नाक, पॉज, सगळं. माझ्यापेक्षा बरी. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले आणि माझ्याकडे वळले.

"आता तू म्हण."

"काय?"

"काय समजलं."

मी म्हटलं. अगदी हळू म्हटलं, पण आवाज तोच आला, ते दोन शब्द दुसऱ्या आवाजात येतच नाहीत. बाबांनी माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे.

"असं बघा," डॉक्टर म्हणाले, "सल्ला बरोबर आहे. गुडघा तेवढा माझ्यात बसत नाही."

बाबा तरातरा स्कूटरपर्यंत गेले. हेल्मेट घातलं आणि सुरू. कल्याण ते डोंबिवली मागे न बघता ओरडत होते, सिग्नलला बाजूचा रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकत होता. घरी येऊन आईसमोर पहिल्यापासून परत. "जनावरांच्या डॉक्टरच्या नावाने मला अनवाणी फिरवलं. बागेत लोक मला विचारतात, नवस आहे का? उद्या कोणाच्या आवाजात बँकेला फोन करशील? आणि तुला स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलेलं," मी म्हटलं. "तुम्ही गप म्हणालात."

"मग परत सांगायचं. बाप आहे मी, दोनदा ऐकायला काय..."

तेवढ्यात आत्याचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी केस सारखे केले, फोन खोक्यावर धरला. कासव मातीत अर्धं रुतून पान चावत होतं.

"अरे वा," आत्या म्हणाली. "माती घातलीस? मला वाटलं होतं काहीतरी घाण करून ठेवशील. छान ठेवलं आहेस हो."

"टिटवाळ्याहून आणली ताई. चाळून." बाबांचा एक हात पाठीमागे गेलेला, चेहरा मात्र बक्षीस घेताना असतो तसा. "म्हटलं, पोटात गेलं तरी चालेल, तेच पायाखाली हवं."

आत्या खूश. फोन ठेवला. बाबांनी तो हळूच टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, माझ्याकडे वळले.

"हसू नकोस. तर मी काय म्हणत होतो? हां. बाप आहे मी, दोनदा ऐकायला काय मला त्रास होतो? आणि दुसरी गोष्ट. वाया गेलेला आहे असं मी म्हणालो, ते ऐकून तू खोकलास कशाला?"