इंजिन की अंगठा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी रिमोटचं बटण दाबलं आणि इंजिन जागचं हललं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. आई कणकेच्या परातीत हात तसाच ठेवून बघत राहिली.

बाबा राजूरच्या कोळसा खाणीत मालाच्या वाघिणी ओढणारं इंजिन चालवायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. उजवा अंगठा तेवढा थोडा हलायचा. तो रोज वापरात ठेवा, नाहीतर तोही जाईल, असं वणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू बाबांनी डाव्या हातानं थेट अंगणात भिरकावला. मग हैदराबादला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं हे खेळण्यातलं इंजिन पाठवलं. सेलवर चालणारं, मागे चार डबे, गोल रूळ आणि रिमोट. त्या दिवसापासून बाबा रोज संध्याकाळी खाटेवर बसून, उजव्याच अंगठ्यानं, अर्धा तास गाडी चालवायचे. डाव्या हातानं बटण दाबलं असतं तरी कोण बोलणार होतं? पण लबाडी त्यांच्या स्वभावातच नव्हती.

म्हणजे आता दोनच गोष्टी शक्य होत्या. बिघाड इंजिनात होता, नाहीतर अंगठ्यात.

"सेल गेले असतील," मी वर्गात बोलावं तशा मोठ्या आवाजात म्हणाले आणि रिमोट त्यांच्या हातातून काढून घेतला. तिथल्या तिथे स्वतः बटण दाबून बघता आलं असतं. माझी हिंमत झाली नाही.

ती वर्षंच तशी होती. कापसाला भाव नव्हता, कर्जापायी कुणा ना कुणा शेतकऱ्यानं विष घेतल्याचं सारखं कानावर यायचं. भाव येईल या आशेनं शेजाऱ्यांनी आपला कापूस आमच्या ओसरीत आणून रचला होता, आणि त्याचे तंतू घरभर उडायचे. मी मुकुटबनच्या शाळेत शिकवायची. एखादं पोर दोन दिवस आलं नाही की आम्ही शिक्षक एकमेकांची तोंडं बघायचो, पण त्याच्या घरी काय झालं हे विचारायला कुणी पुढे व्हायचं नाही. विचारलं नाही तर काही झालेलं नसेल, असं मनाला वाटायचं. तीच सवय मी घरी घेऊन आले असणार.

दुसऱ्या दिवशी येताना नवे सेल आणले. चाकांत अडकलेला कापूस टाचणीनं काढला. मग स्वयंपाकघराचं दार लोटून इंजिन फरशीवर ठेवलं, त्याच्याजवळ मांडी घालून बसले आणि बटण दाबलं. इंजिन झटकन निघालं आणि पिठाच्या डब्यावर जाऊन आदळलं. इंजिन धडधाकट होतं.

मी तिथेच बसून राहिले. अंगठा गेला, आता हात जाईल, मग बाबा जातील, इथवर माझं मन पोचलं. रिमोट कपाटात साड्यांखाली ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं, "दुकानात द्यावा लागणार. वेळ लागेल." आपला अंगठा गेलाय हे बाबांना कळू नये, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मलाच ते बघवणार नव्हतं.

त्यानंतर बाबा डाव्या हाताचं बोट पुन्हा पुन्हा स्वतःच्या कपाळाला लावू लागले. आधी इंजिनकडे बघायचे, मग कपाळावर बोट टेकवायचे.

"डोकं दुखून राह्यलं वाटते त्यायचं," आई घाबरून म्हणायची. डोकं दुखतं म्हणजे दुसरा झटका, हे आम्हा दोघींच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी दोनदा डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाब ठीक निघाला. बाबा मात्र दिवसेंदिवस चिडत गेले. मी जवळ गेले की तोंड फिरवायचे. शाळेतून परतताना एसटी राजूरच्या फाट्यावर वळली की माझी नजर आधी आमच्या दारात गर्दी आहे का ते बघायची.

आठव्या दिवशी घरी आले तर टीव्ही दुरुस्त करणारे चौकातले चाचा खाटेजवळ बसलेले. आईनंच त्यांना आणलं होतं.

"तू तं म्हने दुकानात देल्ला," आई माझ्यावर उखडली. "हे म्हनते माह्याकडं आलाच नाही. आन तो रिमोट इकडे."

मी साड्यांखालून रिमोट काढला. चाचांनी कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी सोबत आणलेल्या ट्रान्झिस्टरचा काटा नेला आणि रिमोट त्याला चिकटवून बटण दाबलं. टिर्र आवाज आला.

"रिमोट चांगला आहे, बाई," ते म्हणाले.

"इंजिनही चांगलं आहे," मी हळूच म्हणाले. "मी चालवून पाह्यलं."

"किती दुरून?"

मी हातभर अंतर दाखवलं. त्यांनी रुळाजवळ जाऊन तेवढ्या अंतरावरून दाबलं, इंजिन चाललं. मागे खाटेपाशी येऊन दाबलं, इंजिन ढिम्म.

"इथून सिग्नलच पोचून नाही राह्यला त्याले," म्हणत त्यांनी इंजिन उजेडात धरलं, आणि हसूच लागले. "बाई, याच्या डोळ्यातच कुंकू घातलं ना तुमी!"

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या अवजारांची पूजा होते. बाबांचा पाना, आईचं शिलाई मशीन, माझं हजेरी पुस्तक, सगळं पाटावर. बाबा खाणीतल्या इंजिनाला दर दसऱ्याला तेलात कालवलेलं कुंकू लावायचे, म्हणून यंदा मीच हौसेनं या इंजिनाला लावलं होतं. समोर, वरच्या अंगाला, गडद लाल काचेची एक टिकली होती. कुंकवासाठीच केलेली जागा वाटली मला. रिमोटचा किरण तिथूनच आत जातो हे माझ्या गावीही नव्हतं, आणि लालावर लाल मला दिसलंही नाही. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. कपाळावर बोट टेकवून आठ दिवस ते तेच सांगत होते.

चाचांनी ओसरीतल्या कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून काच पुसली. दारातून बटण दाबलं आणि गाडी गोल फिरली. आईला रडू फुटलं. मी तर आनंदानं हसतच रिमोट बाबांच्या उजव्या हातात ठेवला.

अंगठा बटणावर टेकला. नुसता टेकला. बाबांच्या मानेची शीर ताणली गेली, ओठ घट्ट मिटले, पण बटण खाली जाईना. आठ दिवस त्या अंगठ्याला मी काम दिलं नव्हतं.

मी घाईघाईनं माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवून दाबला. इंजिन निघालं. बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. डाव्या हातानं त्यांनी माझा अंगठा धरला, उचलून बाजूला केला आणि माझ्याकडे बघत पुन्हा दाबायला लागले.