चक्कीवाल्या काकांसाठी पाडलेलं शटर

मंडळी, आज कंपनीने माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. लपवत नाही, सगळं सांगते.

मी उमरेडला एका मोठ्या कंपनीचं कपड्यांचं दुकान सांभाळते. आज सकाळी आमच्या चक्कीवाल्या काकांची मयत बाजारातून निघाली. आमच्याकडे मयत समोरून जाईपर्यंत प्रत्येक दुकानाचं शटर खाली येतं. मीही ओढलं. ड्रेस बघत असलेल्या मावशीच म्हणाल्या, "राहू दे वं, मंग पायतो," आणि डोक्यावर पदर घेऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या.

लगेच नागपूरहून साहेबांचा फोन. कॅमेऱ्यात दिसलं होतं ना!

"दुकान काहून बंद केलं?"

"मयत जाऊन राहिली सर."

"तुमचे कोण लागत होते ते?"

"कोणीच नाही."

"मग?"

काकांनी अख्ख्या गावाचं पीठ दळलं. विजेची लाइन गेली की डबे ठेवून घ्यायचे आणि संध्याकाळी सायकलवर घरोघरी पोचवायचे. आम्ही तरी त्यांचे कोण लागत होतो?

खुलाशात मी दोनच वाक्यं लिहिली. "मयत जात होती म्हणून शटर पाडलं. पुढच्या वेळीही पाडीन."

नोकरी जायची तर जाऊ दे. उद्या मी गेले, तर माझ्यासाठी हा बाजार थांबेल, एवढं मला पक्कं माहीत आहे. तुमच्यासाठी कोण थांबेल?