मामा, वारा आणि खटका

"जावईबापू, लिहा, लुगडं आडवं झालं," खांबाच्या टोकावरून मामा ओरडत होते आणि खाली मी वहीत लिहीत होतो. माझ्या बायकोचे हे मामा म्हणजे सगळी नोकरी वाऱ्याशी भांडण्यात घालवून निवृत्तीनंतर त्याच वाऱ्याच्या प्रेमात पडलेले पृथ्वीतलावरचे एकमेव लाईनमन. गंगापूरकडं धरणाच्या फुगवट्यात चार घरांचं एक बेट आहे. तिथं त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या सासूबाई, एकट्या राहतात. लाईट नाही म्हणून मुलं त्यांना शहरात आणायला निघालेली, आणि त्या हलायला तयार नाहीत. "आक्का, पवनचक्की उभी करतो, काठावरच्या लाईनीला जोडतो. वारं कमी पडलं तर काठ आपल्याला वीज दील, जास्ती झालं तर आपण काठाला," असा मामांनी शब्दच देऊन टाकला.

मग वर्षभर खांबाला आक्कांचं जुनं लुगडं बांधून वारा मोजला. मापं तीनच: लोंबतंय, हलतंय, आडवं. एकदा तर, खोटं सांगत नाही, आडव्या लुगड्यासकट मामा थेट पिशोरला उतरले आणि एसटीनं परत आले. आता सगळं वाऱ्यावर चालणार म्हणून बेटावर धुराला बंदी. माझी विडी त्यांनी पाण्यात विझवली, डिझेल इंजिनाला टाळं ठोकलं, आणि चुलीकडं असे बघायला लागले की आक्का म्हणाल्या, "जेवायचंय ना तुला?"

ती वही बघून विजेचे साहेब आधी हसले, मग वारा मोजायच्या आपल्या यंत्राचे आकडे तिच्याशी ताडून त्यांनी तिच्यावर सही ठोकली. पवनचक्की उभी राहिली. आता तिची वीज काठाच्या लाईनीत नीट गेली तरच जोडणी मंजूर. चाचणीच्या दिवशी सकाळपासून लुगडं लोंबत होतं. दुपारी मात्र पाण्यावरून असा वारा आला की साहेबांच्या फायलीला पंख फुटले. पाती फिरली, आक्कांच्या घरात दिवा लागला, आणि "वारं सुटलं रे" म्हणत मामा धावले ते खटका पाडूनच थांबले. वारा सुटला की तारेला तार लागायच्या आत लाईन बंद, जन्मभर हाताला एवढंच ठाऊक.

"अहो मामा, आता तर चालू ठेवायची होती," साहेब म्हणाले. मामा आपल्याच हाताकडं बघत राहिले. साहेबांनी खटका पुन्हा वर केला, तेव्हा मामांनी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले होते. वारा टिकला. जोडणी मिळाली.

परवा संध्याकाळी शहरात, मामांच्या घराकडं छावणीत, वावटळ उठली आणि रिवाजाप्रमाणं लाईट गेली. अंधारात मामांनी एक हात पाठीमागं धरून दुसऱ्यानं फोन लावला.

"आक्का, वारं लई सुटलंय. दिवा हाय का?"

"हाय. तू तिकडंच थांब."